तीन चाळीसला कापलेली फाइल

प्रिय पिंगी,

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे माझा गुडघा आणि स्वयंपाकघरातला नळ सोडला तर. तुझ्या आत्याने शेवटचं पत्र हाताने लिहिलं त्याला वीसेक वर्षं तरी झाली असतील, तेव्हा अक्षर लावताना थोडा त्रास होईल तो सोस. सगळा जन्म दुसऱ्यांची पाकिटं उघडून आत काय आहे ते बघण्यात गेला, आणि आज स्वतः एक पाकीट चिकटवायचं आहे तर डिंक कुठे ठेवलाय ते आठवेना. ईमेल का केला नाही ते पुढे कळेलच. एवढंच म्हणते की हे एका बैठकीत वाच. वाचून झाल्यावर मला आत्या म्हणायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी रागावणार नाही, रागवायचा हक्क माझ्याकडे उरलेला नाही.

बातमी म्हणशील तर एकच. पुढच्या गुरुवारी आमच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती बाहेर पडते आहे. नवी आपली नावाला, खरी डागडुजीची. कुठे गळत असेल तिथे बुजवायचं, कुठे बिजागरी कुरकुरत असेल तिथे तेल सोडायचं, आणि कुणाच्या लक्षातही येऊ नये अशा बेताने बाजूला व्हायचं. बरोबरच्या पत्रकात सतरा दुरुस्त्या आहेत, त्यातली चौदावी मी अजून लिहिलेली नाही. तू लहान असताना विचारायचीस की तुम्ही दोघं बहीणभाऊ नक्की करता तरी काय, आणि तुझा बाबा सांगायचा, यंत्रं एकमेकांशी बोलतात ते आम्ही चोरून ऐकतो. चोरून नव्हे गं. नेटवर्क कुठे अडलं, कोण कुणाशी बोलायचं थांबलं, हे शोधायला लोक आमचा प्रोग्रॅम वापरतात. तो नेटवर्कवरून जाणारं एकेक पाकीट पकडतो, उघडतो आणि आतला मजकूर माणसाला कळेल असा मांडतो. फुकट आहे, सगळ्यांना उघडा आहे, कुणीही त्यातली ओळ सुधारून पाठवावी. पण प्रत्येक यंत्राची बोली निराळी, म्हणून प्रत्येक बोलीसाठी प्रोग्रॅमचा एक छोटा तुकडा लागतो. आम्ही दोघं त्याला दुभाषा म्हणायचो. तुझ्या बाबाने एकट्याने एकेचाळीस दुभाषे लिहिले, आणि त्यातला शेवटचा त्या छातीच्या पट्ट्याचा.

तो पट्टा तुला आठवत असेल. काळा, रबरी, पळायला जाणारे लोक नाडी मोजायला छातीला बांधतात तसला. तुझा बाबा बस पकडायलासुद्धा कधी पळाला नाही. पट्टा विकणारी कंपनी त्याची बोली कुणाला सांगत नाही, एवढं कळलं आणि त्याने तो घेतला. मग महिनाभर सदऱ्याच्या आत पट्टा बांधून घरात हिंडत होता आणि लॅपटॉपवर त्याची पाकिटं गोळा करत होता. जिना चढून यायचा, आकडा बघायचा. तुला पाठुंगळी घेऊन खोलीभर धावायचा, आकडा बघायचा. शेवटी बोली उलगडली. आमच्याकडे रिवाज असा की दुभाष्याबरोबर एक नमुन्याची फाइल यायलाच हवी, खऱ्याखुऱ्या पाकिटांची. प्रत्येक आवृत्तीच्या आधी सगळे नमुने प्रोग्रॅममधून फिरवायचे आणि उत्तर मागच्या वेळचंच येतंय ना ते पडताळायचं. एक आकडा जरी हलला तरी आवृत्ती थांबते. या दुभाष्याचा नमुना मी घातला, कारण घालायला तो राहिला नव्हता. तो नमुना, तुझा बाबा गेला त्याच दिवसाचा आहे.

म्हणजे तेरा वर्षं, शंभराहून जास्त आवृत्त्या, दर वेळी तुझ्या बाबाचं हृदय माझ्या पडद्यावरून जातं. कुठल्या कुठल्या देशांत, मी तोंडही न पाहिलेल्या माणसांच्या संगणकांवरूनही जातं. त्यांच्या लेखी ते आकडे आहेत. ७२, ७१, ७४. तीन वाजून आठ मिनिटांपासून तीन चाळीसपर्यंत, बत्तीस मिनिटं, आणि मला ती पाठ आहेत. तीन सोळाला ८८ होतात आणि हळूहळू उतरतात, तेव्हा तो चहा ठेवायला उठला असणार. तीन सव्वीसला ९७, तेव्हा खाली जाऊन टपाल घेऊन आला, कारण त्या दिवसाची पत्रं टेबलावर फोडलेली होती. कधीकधी आवृत्ती नसतानाही मी ती फाइल उघडते. कोपऱ्यातल्या जुन्या संगणकाचा पंखा घरघरायला लागतो, आकडे सरकू लागतात, आणि मागच्या खुर्चीत कुणीतरी येऊन बसलंय असं मला पक्कं वाटतं. मी वळून बघत नाही. वळले तर खुर्ची रिकामी असेल, म्हणून. मग तीन चाळीस होतात, आकडे थांबतात आणि प्रोग्रॅम हिरव्या अक्षरांत लिहितो, पास. दर वेळी तो ठणठणीत असतो. मला तो तसाच हवा होता, आणि मी तो तसा करून ठेवला होता.

मागच्या महिन्यात तू आलीस ते सारखं डोळ्यांपुढे येतं. अकराला येणार होतीस. साडेनऊला मी कचरा टाकायला दार उघडलं तर तू पायरीवर बसलेली, मांडीवर पिशवी, थंडीने नाक लाल. बेल का नाही वाजवली, म्हटलं, तर म्हणालीस, वेळ झाली नव्हती ना. मी हसले, तुझी थट्टा केली, की ही पोरगी स्वतःच्या लग्नालाही आदल्या दिवशी जाऊन बसेल. तू हसली नाहीस. मग कप पुसता पुसता सांगितलंस की तुझ्या त्या पियानोचे सूर जुळवणाऱ्या मित्राने लग्नाचं विचारलं आणि तू नाही म्हणालीस. माणूस वाईट आहे का, तर नाही. आवडत नाही का, तर तसंही नाही. मग अडलं कुठे, असं मी खोदून विचारल्यावर माझ्याकडे न बघता म्हणालीस, "माझ्या भरवशावर कुणी राहू नये, आत्या. एकदा राहून झालंय." आणि कप जागेवर ठेवलास. मी विषय बदलला, नळाबद्दल काहीतरी बोलले. तुझी गाडी पाचची होती, तू तीनलाच निघालीस.

हे तुझ्यात कुठून आलं ते मला माहीत आहे. तुला वाटतं कुणालाच माहीत नाही. तू तेव्हा अकरा वर्षांची होतीस. शाळा चारला सुटायची, चार वीसला तू घरी. आई आठवडाभर दुसऱ्या गावी नोकरीला, म्हणून घरात तू आणि बाबा, आणि चार वीसला दार वाजणं ही त्याची दुपार संपल्याची खूण. त्या दिवशी मैत्रिणीच्या मांजरीला पिल्लं झाली होती, ती बघायला तू गेलीस आणि साडेपाचला घरी आलीस. शेजाऱ्यांना हाक तूच मारलीस. मी पोचले तेव्हा डॉक्टर दारात उभे राहून शेजाऱ्यांना सांगत होते, "तासभर आधी कुणी आलं असतं तर काही करता आलं असतं." ते मोठ्या माणसांशी बोलत होते. दाराच्या मागे, दप्तर पाठीवर तसंच ठेवून, तू उभी होतीस. तू ते ऐकलंस आणि मी तुला ऐकताना पाहिलं. दहाबारा दिवसांनी एका दुपारी तू माझ्याजवळ येऊन विचारलंस की मी शाळेतून थेट आले असते तर. मी म्हटलं, असं काही नसतं गं, आणि तुझ्या डोक्यावरून हात फिरवला. तू परत कधी विचारलं नाहीस. त्या दुपारी तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, मिनिटासकट होतं, आणि मी ते दिलं नाही.

आता कप्तानचं ऐक, कारण हे सगळं त्याने उकरलं, बिचाऱ्याला पत्ताही नाही. कप्तान म्हणजे आमच्यासाठी चाचण्या चालवणारा एक निवृत्त गृहस्थ. पूर्वी जहाजावर रेडिओ सांभाळायचा, आता कुठल्याशा समुद्रकाठच्या गावी बसून आमच्या चुका काढतो, आणि डोळ्यांत तेल घालून काढतो. या आवृत्तीत आम्ही फाइल वाचणारा भाग जरा कडक केला आहे: अर्धवट पाकीट आलं तर चालवून घ्यायचं नाही. कप्तानने चाचण्या लावल्या आणि मला कळवलं की तेरा वर्षांत पहिल्यांदाच पट्ट्याचा नमुना नापास झाला आहे. प्रोग्रॅम म्हणतोय, "ही फाइल एका पाकिटाच्या मध्येच कापली गेली आहे." खाली त्याने साधेपणाने विचारलं होतं, उरलेला भाग तुमच्याकडे आहे का? मी उठले, नळ नीट बंद आहे का बघून आले आणि परत बसले. अगं, हे वाक्य प्रोग्रॅम तेरा वर्षं म्हणू पाहतो आहे. त्या एका फाइलपुरतं मी एक ओळ लिहून त्याचं तोंड बंद केलं होतं; नव्या कडक भागात ती ओळ उडाली. नवीन आलेल्यांना मीच शिकवते की फाइल कापायची तर पाकीट संपल्यावर कापावी, मधूनच तोडू नये. आणि मी स्वतः कापली ती कापड दातांनी फाडावं तशी, कारण पुढचं पाकीट मला दिसायला नको होतं.

पुढचं कळायला तुला आमची एक सवय माहीत हवी. आवृत्तीच्या दिवशी दुपारी दोनला मी कुलूप घालते. त्यानंतर एकही ओळ बदलायची नाही, कितीही महत्त्वाची असो. याला आम्ही गोठवणं म्हणतो. आणि तुझा बाबा दर आवृत्तीला, न चुकता, गोठवल्यानंतर फोन करायचा. एकच फिक्स आहे, ताई, एकच ओळ. आधी लाडीगोडी, मग आर्जवं, मग रुसवा. लहानपणी मी अभ्यासाला बसले की पेन्सिल मागायला यायचा, तीच ही खोड. तीनदा मी त्याला भुलले आणि तिन्ही वेळा त्या एका ओळीने जगभरच्या लोकांचा प्रोग्रॅम बंद पाडला. शिव्या मी खाल्ल्या. तेव्हापासून मी नियमच केला: आवृत्तीच्या दिवशी तुझ्या बाबाचा फोन उचलायचा नाही. फोन टेबलावर पालथा घालायचा आणि काम संपवायचं. त्यालाही ते माहीत होतं, आणि आमची ती वर्षानुवर्षांची गंमत होती. दुसऱ्या दिवशी फोनवर तो मला दगड म्हणायचा.

तो दिवस आवृत्तीचा होता, पिंगी. तीन बेचाळीसला फोन वाजला. मी नाव पाहिलं, हसले आणि फोन पालथा घातला. तीन चव्वेचाळीसला परत वाजला. तीन एक्कावन्नला परत. मग पडद्याच्या कोपऱ्यात त्याचा निरोप आल्याची खूण दिसली, ती मी न वाचता मिटवली. पाचला आवृत्ती बाहेर पडली. पाच दहाला मी चहा घेऊन निवांत बसले आणि निरोप उघडला. "फिक्स नाही गं ताई. उचल." एवढाच होता. मी फोन लावला, तो वाजत राहिला. मला वाटलं, रुसला. मी चहा संपवला.

आठ दिवसांनी मी त्याचा लॅपटॉप घरी आणायला उचलला, तर तो अजून पाकिटं गोळा करत होता, कुणी थांबवलंच नव्हतं. मी सगळं वाचलं. तो मला लॅपटॉपवरूनच फोन करायचा, त्यामुळे ते तिन्ही फोन त्या फाइलमध्ये आहेत. इकडून बोलावणं जातं, तिकडून माझा फोन उत्तर देतो, वाजतोय, वाजतोय, वाजतोय, आणि मग इकडून जातं, राहू दे. असं तीनदा. त्यांच्या आगेमागे पट्ट्याचे आकडे आहेत, ते मी इथे लिहीत नाही. शेवटचा आकडा चार वाजून सहा मिनिटांचा. छातीत ठोका सापडला नाही की तो पट्टा आपोआप झोपी जायचा, बॅटरी वाचावी म्हणून. त्यानंतर लॅपटॉप पट्ट्याला शोधत राहतो. या पत्त्यावर कोण आहे? मला सांगा. दर थोड्या सेकंदांनी तेच. त्या खोलीत तो दीड तास विचारत होता आणि कुणी उत्तर देत नव्हतं. मग पाच बत्तीसला घराच्या नेटवर्कवर एक नवं यंत्र हजेरी लावतं. तुझ्या दप्तरातला टॅबलेट. तू दारातून आत आलीस तो क्षण त्या फाइलमध्ये आहे. तो बघितला की पडद्यात हात घालून तुला बाहेरच थांबवावंसं वाटतं.

शाळा सुटली चारला. तो गेला चार सहाला. हे मला तेव्हाच कळलं होतं, तरी मागच्या आठवड्यात मी ते आकडे छापून, नाव खोडून, एका हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. उगाच माझ्या समजुतीवर तुला काही सांगायला नको. त्यांनी दोनदा बघितले. म्हणाल्या, "चार सहानंतर आलेल्याच्या हातात काही नव्हतं." त्या दारातल्या डॉक्टरांचा तास हा नुसता अंदाज होता. मग बाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, पण आधीची पंचवीस मिनिटं होती, तेव्हा रुग्णवाहिका बोलावली असती तर वाचण्याची बरीच शक्यता होती. तेव्हा कुणाला कळलं होतं का? मी म्हटलं, फोन वाजला होता. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. मी कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि चालत घरी आले.

तर तुझ्या त्या दुपारच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता आलं असतं. पण ते वाक्य म्हटलं असतं तर मला मिनिटं कुठून कळली असं कुणीतरी विचारलं असतं, आणि मग दुसरंही वाक्य म्हणावं लागलं असतं. मी भ्याले. तुझ्या आईला भ्याले, तुला भ्याले. फाइल कापली, निरोप पुसला, आणि माझा दोष एका अकरा वर्षांच्या पोरीच्या दप्तरात टाकून दिला. ती तो घेऊन तेरा वर्षं चालते आहे, सगळीकडे तासभर आधी पोचते आहे, हे मी बघत होते आणि तिची थट्टा करत होते. माफ कर असं लिहायला बसले होते, पण तो शब्द इथे फार लहान पडतो. मला तुझ्यापुढे स्वतःची लाज वाटते, पिंगी, आणि तू माझी किती लाडकी आहेस हेही खरं आहे.

पाकिटात एक छोटी ड्राइव्ह आहे. तीत अख्खी फाइल आहे, तीन आठपासून लॅपटॉप बंद केला तिथपर्यंत, आणि बरोबर त्या आकड्यांचा कागद. कुणालाही दाखवून खात्री करून घे, माझ्या शब्दावर आता विसंबू नकोस. पत्र लिहिलं ते याचसाठी: कप्तानला उत्तर द्यायचं आहे आणि चौदावी दुरुस्ती मी एकटीने लिहिणं बरोबर नाही. एक तर फाइल पूर्ण घालायची; मग दर आवृत्तीला तो चार सहाला जाईल, आणि माझं "वाजतोय" सगळं जग वाचेल, वाचू दे. नाहीतर नमुना काढून टाकायचा, आणि तो कुठल्याच संगणकावरून जाणार नाही. ते हृदय तुझ्या बाबाचं आहे, तेव्हा निर्णय तुझा. त्या पियानोवाल्याला हो म्हण की नाही म्हण, पण त्या साडेपाचमुळे नाही म्हणू नकोस. एवढं लांबण लावलं, आणि मला सांगायची होती ती एकच ओळ, तेरा वर्षं गोठवून ठेवलेली: तू वेळेवर आली असतीस तरी उशीरच झाला असता. गुरुवारी दोनला मी कुलूप घालणार नाही, तुझं कळेपर्यंत थांबेन. आवृत्तीच्या दिवशी पहिल्यांदाच फोन टेबलावर उताणा ठेवला असेल.

तू म्हणू देशील तर तुझीच,
आत्या